टोरेंटची आरएसएस फीड: नको ते उतरतं, हवं ते दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका संगणक क्लासच्या लॅबमध्ये वीस मशीन आहेत. लिनक्सच्या नव्या आवृत्त्या आपोआप उतरून तयार असाव्यात म्हणून सरांनी क्यूबिटटोरेंट या टोरेंट उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (अशा सॉफ्टवेअरला पुढे क्लायंट म्हटलंय) दोन आरएसएस फीड, म्हणजे नव्या नोंदींच्या आपोआप येणाऱ्या याद्या, लावल्या. एक डिस्ट्रोवॉचची, म्हणजे लिनक्सच्या निरनिराळ्या प्रकारांची (डिस्ट्रोंची) खबर ठेवणाऱ्या साइटची, टोरेंट फीड. तिने एका रात्रीत डझनावारी डिस्ट्रो ओढून डिस्क भरून टाकली. दुसरी एका इंडेक्स साइटची, म्हणजे कोणीही चढवलेल्या टोरेंटची सूची देणाऱ्या साइटची. ती रिकामीच राहते आणि नावाशेजारी चूक झाल्याची खूण येते. चुकतंय कुठे, आणि नीट मांडणी कशी करायची?

सर, दोन्ही तक्रारींची मुळं वेगळी आहेत. डिस्क भरली ती नियमामुळे, आणि दुसरी फीड दिसत नाही ती बहुतेक साइटच्या बाजूने. पण दोन्हींच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. फीडमध्ये फाइल नसते. फीड म्हणजे एक्सएमएल या यंत्राला वाचता येणाऱ्या मांडणीतली एक यादी: शीर्षक, तारीख, ओळखक्रमांक आणि टोरेंटचा दुवा किंवा मॅग्नेट (टोरेंट फाइलऐवजी नुसती तिची ओळख देणारा दुवा). क्लायंट ठरावीक वेळाने ती यादी आणतो आणि प्रत्येक शीर्षक तुमच्या नियमाशी ताडून पाहतो. फाइलच्या आत काय आहे हे त्याला ठाऊकच नसतं. त्याला दिसतं ते फक्त शीर्षक.

आता डिस्क का भरली ते बघू. क्यूबिटटोरेंटमध्ये नवा नियम केला की आधी नाव विचारलं जातं. तिथे 'उबंटू' लिहिलं की गाळणी लागली असं बऱ्याच जणांना वाटतं. ते फक्त नियमाचं नाव असतं. गाळणी लागते ती 'मस्ट कंटेन' या चौकटीत, आणि ती कोरी ठेवली तर अर्थ होतो 'सगळं चालेल'. त्यात समोरच्या यादीत फीडवर टिक केलेली आणि ऑप्शन्समध्ये आपोआप डाउनलोडही चालू, म्हणजे फीडमधली प्रत्येक न वाचलेली नोंद उतरायला लागते. नियम आज केला म्हणून आजपासूनच्याच नोंदी धरल्या जातील असंही नाही. आधीपासून फीडमध्ये पडून असलेल्या न वाचलेल्या नोंदीसुद्धा त्याच झटक्यात घेतल्या जातात.

म्हणून कामाचा क्रम बदला. टूल्समधून ऑप्शन्स, तिथे आरएसएसच्या पानावर फीड आणण्याची टिक लावा, पण आपोआप डाउनलोडची काढा. व्ह्यू मेनूतून आरएसएस रीडर उघडून फीड जोडा आणि आलेली शीर्षकं पाच मिनिटं नुसती वाचा. ती कशी लिहिलेली असतात हे पाहिल्याशिवाय नियम लिहिणं म्हणजे अंधारात तीर मारणं. मग नियमांची खिडकी उघडून नियम लिहा. उजव्या बाजूला जुळणाऱ्या नोंदींची यादी लगेच दिसते. त्या यादीत नेमक्या हव्या त्याच ओळी उरल्या की मगच आपोआप डाउनलोड चालू करा. पहिले काही दिवस त्याच नियमात टोरेंट थांबलेल्या अवस्थेत जोडण्याचा पर्याय निवडा. नोंद येईल, पण एक बाइटही उतरणार नाही. सकाळी बघायचं, बरोबर असेल तर हाताने सुरू करायचं.

नियम लिहिताना हे शब्द अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे. मी इथे देवनागरीत लिहितोय. साध्या पद्धतीत दोन शब्दांमध्ये जागा सोडली तर दोन्ही शब्द हवेत असा अर्थ होतो, क्रम कुठलाही चालतो. क्रम महत्त्वाचा असेल तर जागेऐवजी तारांकन टाका. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही. तुमच्या गरजेला 'उबंटू २४.०४ डेस्कटॉप एएमडी६४' इथून सुरुवात करा; कुबंटू, लुबंटू अशी भावंडंही याला जुळतात, ती खालच्या 'मस्ट नॉट कंटेन'मध्ये वगळा. यात २४.०४.१, २४.०४.२ अशा पुढच्या सुधारित आवृत्त्याही येतात, आणि लॅबला त्याच हव्या असतात.

'मस्ट नॉट कंटेन'मध्ये 'बीटा|डेली' असं टाकता येईल. पण तिथे दोन खड्डे आहेत. पहिला उभ्या रेघेचा. 'बीटा|डेली|' अशी शेवटी एक रेघ चुकून राहिली तर तिच्यापुढचा रिकामा पर्याय सगळ्यांशी जुळतो आणि फीडमधली प्रत्येक नोंद वगळली जाते. हीच चूक 'मस्ट कंटेन'मध्ये झाली तर उलट सगळंच उतरतं. दुसरा खड्डा छोट्या शब्दांचा. 'आरसी', म्हणजे रिलीज कँडिडेट, नको म्हणून ती दोन अक्षरं टाकली तर आर्च लिनक्सही जातं आणि 'सोर्स' असलेली प्रत्येक फाइलही. कारण रोमन स्पेलिंगमध्ये ती दोन अक्षरं या शब्दांच्या पोटातच आहेत, आणि जुळणी शब्दाची नाही, अक्षरांची होते. असला तुकडा गाळायचाच असेल तर त्याच्या आधीचं जोडचिन्हही घ्या. रेग्युलर एक्स्प्रेशनची (खास चिन्हांनी नमुना लिहिण्याच्या पद्धतीची) टिक गरज नसताना लावू नका. तिथे टिंबाचा अर्थ 'कुठलंही एक अक्षर' असा होतो आणि २४.०४ मधलं टिंब आपला अर्थ सोडून देतं.

'इग्नोर सबसीक्वेंट मॅचेस' या चौकटीत दिवस भरता येतात. एकदा जुळलं की पुढचे तितके दिवस तो नियम गप्प बसतो. दुहेरी डाउनलोड टाळायला हे बरं वाटतं, पण एकाच नियमात डेस्कटॉप आणि सर्व्हर दोन्ही बसवले असतील आणि दोन्ही एकाच दिवशी आले, तर पहिलं उतरतं, दुसरं गिळलं जातं. तिथे शून्यच ठेवा आणि प्रत्येक फाइलसाठी वेगळा नियम करा. एपिसोड फिल्टर क्रमवार भागांसाठी असतो, आयएसओला, म्हणजे लिनक्स टाकण्याच्या डिस्कच्या फाइलला, त्याचा उपयोग नाही.

आता रिकामी फीड. फीडचा पत्ता आधी त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये उघडा. ब्राउझरमध्ये फीड छान मांडून दिसत नाही म्हणून घाबरू नका. फायरफॉक्सनेही २०१८ च्या डिसेंबरात आवृत्ती ६४ पासून ती सोय काढून टाकली. आता एक तर कच्चं एक्सएमएल दिसतं, नाही तर फाइल उतरते. ती नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत एक्सएमएलची घोषणा असेल तर फीड खरी. तिथे एचटीएमएल दिसलं तर तुम्ही फीडचा नाही, साध्या पानाचा पत्ता टाकलाय. मूळ पानाचा सोर्स उघडून त्यात आरएसएस शोधलं की खरा दुवा बहुतेक वेळा सापडतो.

ब्राउझरमध्ये एक्सएमएल येतं, क्लायंटमध्ये मात्र चूक दिसते, असं असेल तर बहुतेक वेळा साइटसमोर बॉट, म्हणजे आपोआप वाचणारी यंत्रं, अडवणारा पहारा असतो. 'तुम्ही माणूस आहात का ते तपासतोय' हे पान ब्राउझर जावास्क्रिप्ट चालवून पार करतो. क्लायंटला जावास्क्रिप्ट येत नाही, त्याच्या हाती ४०३ किंवा ५०३ हा नकाराचा आकडा पडतो. यावर तुमच्या बाजूने काही सरळ उपाय नाही. ज्या साइटला यंत्राने वाचलेलं नको आहे तिच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका, दुसरी फीड धरा. ४२९ आलं तर मात्र दोष आपला: आपण फार वेळा दार वाजवतोय.

तिसरी शक्यता साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची, आणि जुन्या लॅबमध्ये ही हमखास निघते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की दर वेळी मशीन सुरू करताना घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' ठरतं. सेल बदला, वेळ नेटवरून जुळवायला लावा, फीड जागी होते. खूप जुनी विंडोज असेल तर आणखी एक कारण असतं. साइटना फुकट प्रमाणपत्रं देणारं लेट्स एन्क्रिप्ट ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकून होतं ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि ज्या मशीनवर नवं मूळ प्रमाणपत्र पोचलंच नाही तिथे असंख्य साइट अडतात.

याच जागी क्यूबिटटोरेंटची एक जुनी खोड सांगायला हवी. २०१० पासून तो फीड किंवा टोरेंट आणताना प्रमाणपत्रातल्या चुका मुकाट्याने सोडून द्यायचा. ते दुरुस्त झालं ऑक्टोबर २०२४ मधल्या ५.०.१ या आवृत्तीत. त्यामुळे अपडेटनंतर एखादी फीड अचानक बंद पडली तर नव्या आवृत्तीने काही बिघडवलं असं नाही. ती फीड आधीपासूनच सदोष होती, आता कळलं. जुनी आवृत्ती परत टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मधल्या कोणीही खोटी फीड हाती दिली तर जुना क्लायंट ती बिनबोभाट घ्यायचा, हे लक्षात ठेवा.

फीड येते, शीर्षकं दिसतात, नियमही जुळतो, पण टोरेंट जोडताना चूक येते, हा चौथा प्रकार. आरएसएसच्या नोंदीत दुवा दोन जागी असू शकतो: एक 'लिंक', दुसरा 'एनक्लोजर'. एनक्लोजर ही सोय डिसेंबर २००० मध्ये आरएसएस ०.९२ सोबत आली, म्हणजे ब्रॅम कोहेनचं बिटटोरेंट २००१ मध्ये बाहेर येण्याच्याही आधी. ती होती ध्वनिफायली जोडण्यासाठी. पुढे पॉडकास्ट तिच्यावरच उभे राहिले, आणि टोरेंटवाल्यांनीही तीच जागा वापरली. चांगल्या फीडमध्ये 'लिंक' माहितीच्या पानाकडे नेते आणि एनक्लोजरमध्ये टोरेंटचा दुवा असतो. एनक्लोजरच नसेल तर क्लायंट 'लिंक' धरतो, तिथून एचटीएमएलचं पान आणतो आणि टोरेंट समजून वाचायला जातो. मग 'अवैध टोरेंट' अशी ओरड. तपासायला एकच नोंद कच्च्या एक्सएमएलमध्ये वाचली तरी पुरतं. त्या साइटवर थेट टोरेंटची किंवा मॅग्नेटची वेगळी फीड आहे का ते बघा.

मॅग्नेटमध्ये फक्त हॅश, म्हणजे टोरेंटची ओळख सांगणारा अक्षर-अंकांचा ठसा, असतो, फायलींची यादी नसते. ती सहकारी मशीनकडून मिळवावी लागते. ऑप्शन्समध्ये डीएचटी (मधल्या सर्व्हरशिवाय सहकारी मशीन शोधण्याची सोय) बंद असेल किंवा फाइल धरून कोणीच बसलं नसेल तर 'मेटाडेटा आणतोय' यावर ते तासन्‌तास अडकतं. टोरेंट फाइल आणि मॅग्नेट दोन्ही मिळत असतील तर आपोआपच्या कामाला टोरेंट फाइलच घ्या.

एकच टोरेंट पुन्हा पुन्हा जोडायला जात असेल तर नोंदीचा ओळखक्रमांक दर वेळी बदलतोय. ती साइटची चूक, पण क्लायंट त्याच टोरेंटला हॅशवरून ओळखतो, म्हणून सहसा नुसती नोंदच वाढते.

आता किती वेळाने फीड तपासायची? मूळ सेटिंग ३० मिनिटांचं आहे, तेच राहू द्या. लिनक्सची आवृत्ती अर्ध्या तासात शिळी होत नाही. साधा हिशेब करा: शंभर नोंदींची फीड साधारण १०० केबी धरली तर दर ५ मिनिटांनी म्हणजे दिवसाला २८८ वेळा, जवळपास २९ एमबी. दर ३० मिनिटांनी ४८ वेळा, ५ एमबीच्या आत. तुमच्या लाइनला दोन्ही किरकोळ आहेत, साइटला मात्र हजारो लोकांचा असा मारा सोसावा लागतो आणि ती पत्ता बंद करते. त्यात गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट असेल तर गोष्ट आणखी अडते. राउटरच्या पानावर वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे बाहेरच्या जगाला तुमचा आणि आणखी कित्येक गिऱ्हाइकांचा पत्ता एकच दिसतो. दुसऱ्या कोणाच्या आगाऊपणामुळे तुम्हाला ४२९ मिळू शकतं. आणि याच कारणाने बाहेरून तुमच्याकडे थेट जोडणी येत नाही. डाउनलोड होतं, पण सीडिंग, म्हणजे उतरलेलं इतरांना देणं, मंद राहतं. आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा इंटरनेट पत्ता) मिळत असेल तर चालू करा, बराच फरक पडतो.

वेळेपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे फीडची खिडकी, आणि तिच्याकडे जवळपास कोणीच बघत नाही. फीडमध्ये शेवटच्या २०, ५० किंवा १०० नोंदीच असतात. मार्केट यार्डातल्या सौद्याच्या फळ्यासारखं समजा: नवा दर लिहायचा तर जुना पुसावा लागतो. ५० नोंदींच्या फीडमध्ये दिवसाला ४० नव्या येत असतील तर खिडकी ३० तासांची. शनिवारी संध्याकाळी लॅब बंद केली आणि सोमवारी सकाळी उघडली तर मधलं काही गेलंच. ते पुन्हा येणार नाही, कुठे चूकही दिसणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या काही भागांत वीज आणि नेट जसे दिवसचे दिवस गेले, तसं झालं तर विचारूच नका.

यावर उपाय दोन. पहिला, गाळणी शक्य तितकी साइटकडेच लावा. बऱ्याच इंडेक्स साइट शोधाच्या निकालाची किंवा एकाच विभागाची फीड देतात. सगळ्या साइटच्या फीडऐवजी एकाच शब्दाच्या शोधाची फीड घेतली तर तीच ५० नोंदींची खिडकी तासांवरून महिन्यांवर जाते. अकॅडमिक टोरेंट्सवर संग्रहानुसार फीड मिळते. इंटरनेट आर्काइव्हच्या प्रगत शोधात निकाल आरएसएसमध्ये मागता येतो. क्यूबिटटोरेंटमध्येही प्रत्येक फीडच्या नोंदींची स्वतःची मर्यादा ५० आहे. फीड १०० देत असली तरी तो ५० च ठेवतो. ती २०० करा.

दुसरा उपाय म्हणजे कायम चालू राहणारं छोटं मशीन. रास्पबेरी पायवर क्यूबिटटोरेंटची बिनपडद्याची आवृत्ती आरामात चालते. ५ वॅट धरले तर महिन्याला साडेतीन-चार युनिट. तेच काम ८० वॅटच्या डेस्कटॉपकडून करून घेतलं तर ५७-५८ युनिट. पाठीला इन्व्हर्टर किंवा राउटरचा छोटा यूपीएस द्या. डाउनलोड मेमरी कार्डावर करू नका, सततच्या लिहिण्याने कार्ड मरतं. बाहेरची डिस्क लावा आणि तिला वेगळी वीज द्या, नाहीतर पायच्या यूएसबीवर ताण येऊन डिस्क मध्येच सुटते. डिस्कची मांडणी एक्स्ट४ ठेवा. जुन्या पेनड्राइव्हची फॅट३२ मांडणी ४ जीबीवरची फाइल घेत नाही, आणि उबंटूचा डेस्कटॉप आयएसओ ५ जीबीच्या पुढे गेलाय. सत्तर टक्क्यांच्या आसपास 'इनपुट-आउटपुट चूक' आली की आधी हेच तपासा. वेब पानाचा पासवर्डही बदला. ४.६.१ च्या आधीच्या आवृत्त्यांचा मूळ पासवर्ड जगजाहीर आहे.

मग त्या एका मशीनवरून वीसजणांना वाटायचं. साधी शेअर फोल्डर चालेल, पण १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचवर ६ जीबीच्या वीस प्रती एकाच मशीनने द्यायच्या तर आदर्श वेगानेही २ तास ४० मिनिटं. तीच टोरेंट फाइल सगळ्या मशीनवर उघडली आणि 'लोकल पिअर डिस्कव्हरी' चालू ठेवलं तर मशीन आपसात तुकडे वाटून घेतात. स्विचचा प्रत्येक पोर्ट एकाच वेळी राबतो, आणि काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. मात्र स्पीडच्या पानावर लॅनमधल्या सहकाऱ्यांनाही वेगमर्यादा लावण्याची टिक असते, ती काढा. नाहीतर इंटरनेटसाठी लावलेली अपलोडची मर्यादा लॅबलाही लागते आणि सगळं रांगतं. वाय-फायवर क्लायंट वेगळे ठेवण्याचा पर्याय चालू असेल तर मशीन एकमेकांना दिसतच नाहीत. त्यांना वायरवर घ्या.

आता एक गोष्ट आपोआप करायची नाही: विश्वास. टोरेंटचा हॅश फक्त एवढं सांगतो की टोरेंट बनवणाऱ्याकडे जे होतं तेच तुमच्याकडे आलं. बनवणारा कोण, हे तो सांगत नाही. इंडेक्स साइटवर 'उबंटू' नावाने कोणीही काहीही चढवू शकतो आणि तुमचा नियम ते इमानाने उतरवेल. फाइल आली की डिस्ट्रोच्या अधिकृत साइटवरची एसएचए-२५६ बेरीज (फाइल तीच आहे का ते पडताळण्याचा आकडा) जुळवा. विंडोजवर सर्टयुटिल, लिनक्सवर शा२५६सम. शिवाय त्या बेरजांच्या फाइलवरची जीपीजी सहीही, म्हणजे बनवणाऱ्याच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही, तपासा. सही कशाला, असं वाटत असेल तर फेब्रुवारी २०१६ आठवा. लिनक्स मिंटची अधिकृत साइटच फोडून १७.३ सिनॅमनचा मागचं दार ठेवलेला आयएसओ तिथल्या दुव्यामागे ठेवला होता. त्या वेळी टोरेंटवरून घेणारे सुटले, कारण त्यांचा हॅश आधीचाच होता. साइटच हाती गेली की तिथली बेरीजही बदलता येते, सही मात्र खोटी करता येत नाही.

कायद्याचं एका ओळीत: टोरेंट उतरवताना तुम्ही तोच माल इतरांनाही देत असता, म्हणून परवाना नसलेला सिनेमा किंवा सॉफ्टवेअर नियमात अडकलं तर 'फक्त डाउनलोड केलं' हा बचाव टिकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. क्लासच्या नावावरच्या लाइनवर मिश्र साइटची सरसकट फीड लावूच नका. आणि सदस्यत्वाच्या साइटने दिलेल्या फीडच्या पत्त्यात तुमची खासगी किल्ली असते. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं म्हणजे पासवर्ड टाकणं.

राहिला प्रश्न तुमच्या लॅबला इंडेक्स साइटची दुसरी फीड हवीच का. माझं मत, नको. तुम्ही शिकवता उबंटू, मिंट आणि डेबियन. उबंटूसाठी वर सांगितलेला नियम डिस्ट्रोवॉचच्या फीडवर लावा. मिंटच्या ब्लॉगची आणि डेबियनच्या बातम्यांची फीड क्लायंटमध्ये नको, साध्या फीड रीडरमध्ये टाका. घोषणा आली की डेबियनच्या सीडी-इमेजच्या साइटवर 'करंट', त्यात एएमडी६४, त्यात बीटी-सीडी या फोल्डरमधून टोरेंट हाताने उचला. डेबियनची सुधारित आवृत्ती साधारण दोन महिन्यांनी येते, म्हणजे वर्षाला पाच-सहा वेळा दोन मिनिटांचं काम. एवढ्यासाठी अनोळखी साइटच्या फीडचा नाद नको.